पेत्राची झोप

रविवारी संडे स्कूलमध्ये मी बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा अध्याय १२ घेतला. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात. पहाऱ्याला १६ शिपाई, अंगावर दोन साखळ्या, उजाडलं की हेरोद राजा त्याला लोकांपुढे उभा करणार. आणि हा गृहस्थ दोन शिपायांच्या मधे गाढ झोपलेला! कोठडीभर लख्ख उजेड पडला तरी जाग नाही. शेवटी देवदूताला त्याच्या कुशीत मारून उठवावं लागलं. मुलं हसली, मीही हसलो. "देवाच्या वचनावर भरवसा असला की अशी झोप लागते," असं वर ठणकावूनही सांगितलं. तेवढ्यात घंटा झाली. पेत्र सुटल्यावरचा भाग पुढच्या रविवारवर गेला.

सोमवारी तपासणीसाठी रक्त दिलं. डॉक्टर म्हणाले, "काळजीचं काही नाही, तरी पण एकदा बघून घेऊ." त्यातला तो 'तरी पण' मला गुरुवारपर्यंत पुरला. रिपोर्ट गुरुवारी येणार होता.

रात्री गुडघे टेकले. 'आपली सारी चिंता त्याच्यावर टाका' हे वचन म्हटलं आणि टाकली. अगदी तपशीलवार टाकली. आमेन म्हणून दिवा मालवला, आणि पाचच मिनिटांत, विसरलेली छत्री घ्यायला माणूस मागे फिरतो तसा जाऊन ती परत घेऊन आलो. हे वचन पेत्राच्याच पहिल्या पत्रातलं. त्याला ते लिहिण्याचा हक्क होता. त्यानं साखळ्यांत झोपून दाखवलं होतं. मला गादीवर जमेना. वादळात प्रभू येशूदेखील नावेत झोपला होता, तेही उशीवर डोकं ठेवून, असं शुभवर्तमान लिहिणारा मार्क आवर्जून सांगतो. उशी माझ्याकडेही होती. पहाटेपर्यंत ती चौदा वेळा उलटी करून झाली.

मंगळवारी वचनपेटी, म्हणजे बायबलातल्या वचनांच्या चिठ्ठ्यांची डबी, काढली. पहिलीच चिठ्ठी यिर्मया २९:११ ची. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. वा! पण शिकवणाऱ्याला मागचंपुढचं बघायची खोड असते. बायबल उघडून दहावं वचन वाचलं. देव बंदिवासातल्या लोकांना म्हणतो, बाबेलात ७० वर्षं भरली म्हणजे मी तुमच्याकडे लक्ष देऊन तुम्हाला परत आणीन. सत्तर! इथे मला गुरुवार गाठवत नव्हता. चिठ्ठ्या छापणारे अकरावंच का छापतात, ते तेव्हा कळलं. मी ती हळूच पुन्हा पेटीत सारली आणि दुसरी काढली. ती धीर धरण्याविषयी निघाली. तीही परत. तिसऱ्या चिठ्ठीला हात घालतोय तोच दारातून आवाज आला, "अहो, वचन काढताय की सोडत?"

बुधवारी न राहवून पाळकसाहेबांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "विश्वास ठेवा."

"ठेवलाय हो," मी म्हणालो, "कुठे ठेवलाय तेच सापडत नाहीये."

गुरुवारी संध्याकाळी घरची प्रार्थना सुरू होती. पाळी माझी. डोळे घट्ट मिटून रिपोर्टसाठी कळवळून मागत होतो, आणि नेमका फोन वाजला.

"घ्या ना," बायको कुजबुजली.

"मधे बोलू नकोस. प्रार्थना चाललीय."

फोन वाजतच राहिला. शेवटी तिनेच उचलला, ऐकलं, ठेवला. "रिपोर्ट आलाय. सगळं व्यवस्थित आहे."

"शक्य नाही. दुसऱ्या कुणाचा असेल. नाव नीट विचारलंस का?"

ती काहीच बोलली नाही. तिचं न बोलणं मला इतक्या वर्षांत पाठ झालंय.

रविवारी उरलेला धडा घेतला. पेत्र सुटून थेट योहान मार्कच्या आईच्या घरी येतो. तिथे पुष्कळ मंडळी जमून प्रार्थना करताहेत. तो दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी त्याचा आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचं सोडून आत धावते. पेत्र आला, पेत्र आला! तर मंडळी तिलाच म्हणतात, तुला वेड लागलंय. बाहेर पेत्र आपला दार वाजवतोय.

मुलं पोट धरून हसायला लागली. एका चिमुरडीनं हात वर केला. "सर, ते पेत्रासाठीच प्रार्थना करत होते ना? मग त्यांना खरं का नाही वाटलं?"

मागच्या बाकावर हजेरीची वही घेऊन बसलेल्या माझ्या बायकोनं पेन खाली ठेवलं आणि, उत्तर ऐकायला म्हणून, हाताची घडी घातली.

"अजून घंटा कशी झाली नाही?" मी म्हणालो.