मुद्देमाल : २३ लिटर

आंबत ठेवलेल्या बीअरच्या पिंपाचे झाकण उघडून तिच्यात बोट बुडवणाऱ्या माणसाला काय म्हणावे, हे मला नेमके ठाऊक आहे; परंतु तो माणूस पत्नीचा सख्खा मामा असल्यामुळे ते मला म्हणता आले नाही.

मामा साताऱ्याचे. राज्य उत्पादन शुल्क विभागातून निरीक्षक म्हणून ते निवृत्त झाले आणि त्यांची उभी हयात ओढ्याकाठच्या हातभट्ट्या उद्ध्वस्त करण्यात गेली. गेल्या पंधरवड्यात ते आमच्याकडे इंग्लंडमध्ये, रेडिंगला, पाहुणे म्हणून आले होते. आंघोळीसाठी टॉवेल शोधताना त्यांनी गरम पाण्याच्या टाकीचे कपाट उघडले. तेथे वीस अंशांच्या उबेत माझी बीअर बुडबुडे सोडत बसली होती. मामांनी हातातला टॉवेल खाली ठेवला.

“जावईबापू, रसायन किती आहे?” हातभट्टीवाले दारू गाळण्याआधी जे आंबवतात, त्याला मामांच्या खात्यात रसायन म्हणतात.

“मामा, बीअर आहे ती. २३ लिटर.”

“गूळ किती घातलात?”

“गूळ नाही हो. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली.”

“नवसागर?”

“हॉप्स. केंट परगण्यातली फुलं असतात. त्यांनी कडवटपणा येतो.”

“हं. परवाना?”

येथे मी उत्साहाने सांगू लागलो की १९६३ साली रेजिनल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी घरगुती बीअरसाठी लागणारा परवाना कायमचा रद्द केला आणि तेव्हापासून या देशात कोणीही स्वतःपुरती हवी तेवढी बीअर करू शकतो, फक्त ती विकता येत नाही. १९४९ च्या आपल्याकडच्या दारूबंदी कायद्याचे, बेकायदा दारू करणाऱ्याला शिक्षा देणारे कलम ६५ ज्यांच्या जिभेवर होते, त्या मामांना ही हकिगत ऐकवेना.

“विकत नाही? मग करता कशाला?” असे विचारून उत्तराची वाट न पाहता त्यांनी कपाटात डोके घातले. “आणि भट्टी कुठं लावता?”

“भट्टी नसते, मामा. बीअर गाळत नाहीत.”

मामा डोके बाहेर काढून माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत संशय होता तोवर मला चालत होते; आता तेथे कणव आली.

“म्हणजे हे रसायन तुम्ही तसंच पिता? अहो जावईबापू, आमचे आरोपीसुद्धा गाळून प्यायचे!”

त्यानंतर त्यांनी झाकण उघडले, बोट बुडवले, हुंगले, चाखले आणि “अजून दोन दिवस,” असा निर्णय दिला. चीड येते ती याची, की माझ्या घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरचेही मत तेच होते. १.०४५ वरून घनता १.०१० ला उतरली की साडेचार टक्क्यांच्या आसपास मद्यार्क तयार होतो, हे गणित मी पुस्तकांतून शिकलो. मामांना ते बोटाला कळते.

पण त्या बोटाचे काय? या छंदातला निम्मा वेळ भांडी निर्जंतुक करण्यात जातो, कारण एकदा उकळलेला माल्टचा काढा थंड झाला की यीस्टप्रमाणेच हवेतल्या आणि हातावरच्या जिवाणूंनाही तो मेजवानी वाटतो आणि बीअर आंबट होते. ६६ अंशांच्या पाण्यात माल्ट तासभर मुरत असताना घरभर चकलीची भाजणी भाजल्यासारखा वास सुटतो. त्या वासासाठी मी शनिवार घालवतो; मामांच्या बोटासाठी नव्हे.

आणि मामांनाच दोष का द्यावा? आमच्या इथल्या मराठी मंडळींत एका वहिनींनी सावरडो, म्हणजे घरच्या आंबवणाचा पाव केला की त्याच्या छेदाचे फोटो हातोहात फिरतात, जाळी कशी पडली यावर चर्चा होते. बीअरचे यीस्ट आणि बेकरीचे यीस्ट जातीने एकच आहे, हे सांगून मी दमलो. तरी पावाला कौतुक आणि बीअरला कुजबुज. “त्यांच्याकडे घरीच बनवतात म्हणे,” हे वाक्य मी गणपतीच्या आरतीच्या रांगेत माझ्या पाठीमागे ऐकले आहे. बोलणाऱ्या गृहस्थांच्या गाडीत त्या दिवशीही दुकानातल्या बीअरचे खोके होते. जे धीट असतात ते समोर येऊन विचारतात, “पण परवडतं का?” क्रिकेट खेळणाऱ्याला बॅट परवडते का, असे कोणी विचारत नाही.

संध्याकाळी मी मामांसमोर आधीच्या खेपेची मुरलेली बाटली ठेवली, तेव्हा त्यांनी ती दिव्यासमोर धरली, तळाशी बसलेले यीस्ट पाहिले आणि बाजूला सारून सुपरमार्केटमधला डबा मागितला. “याच्यावर निदान छापील काहीतरी आहे,” म्हणाले.

निघताना मात्र त्यांनी दोन बाटल्या मागून घेतल्या. निवृत्त सहकाऱ्यांना नमुना म्हणून दाखवायच्या होत्या. मी त्या माझ्या दोन चांगल्या स्वेटरांत गुंडाळून बॅगेत ठेवल्या. काल साताऱ्याहून फोन आला : नमुना तपासणीतच संपला, अपुरा पडला, पुढच्या वेळी जास्त पाठवावा. चव कशी होती, हे मी दोनदा विचारले. मामांनी दोन्ही वेळा फोन मामींकडे दिला. स्वेटरांबद्दल कोणी बोलले नाही.