इटालियन म्हणे!

थंडी पडली की हा तमाशा ठरलेला. रविवार, सकाळचे सात, आणि वरळीत आमच्या खिडकीखालून एक फेरारी गुरगुरत जाते. का, तर धर्मादाय कामासाठी गाड्यांचं प्रदर्शन आहे. काम चांगलंच आहे हो! पण सिग्नलला उभं राहून न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्याने कुठल्या पोराची फी भरली जाते, ते सांगा कुणीतरी.

गेल्या खेपेला गेलो बघायला. चिरंजीवांचा हट्ट. लॅम्बोर्गिनीसमोर सेल्फीला ही रांग! दानपेटी बिचारी कोपऱ्यात, चहाच्या टेबलामागे. नोट टाकली तरी आवाज यावा, इतकी रिकामी.

खरी खदखद पुढेच आहे. शेजारचे काका त्यांची जिवापाड जपलेली पद्मिनी घेऊन आले, तर गेटवरचा पोरगा म्हणतो, "काका, पार्किंग मागे. इथे फक्त इटालियन." अरे बाबा, पद्मिनी म्हणजे फियाट ११००च की! तुरिनच्या कंपनीची गाडी, परवान्यावर आपल्या कुर्ल्यात बनायची. काळी-पिवळी होऊन २०२३ पर्यंत मुंबईकरांना वाहिलं तिने. आणि तू जिच्यापुढे लवतोयस ना, त्या लॅम्बोर्गिनीचा संस्थापक आधी ट्रॅक्टर बनवायचा. १९६३ मध्ये स्पोर्ट्‌स कारकडे वळला.

काकांनी मुकाट्याने गाडी मागे लावली. वर पेटीत पाचशे टाकले. मी असतो तर... जाऊ दे.

परवा नाक्यावर नवं पोस्टर लागलंय. पुन्हा रविवार, पुन्हा सात.