जिल्हा बीदर की जिल्हा लातूर? एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

आमच्या वंशावळीवरचा लेख तुम्ही बारकाईने वाचलात आणि नाराजीही मोकळेपणाने कळवलीत, त्याबद्दल आभार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. आमचं गाव ज्यात येतं तो देवणी तालुका लातूर जिल्ह्यात आहे हे शाळकरी पोरालाही ठाऊक असताना मी घरच्या जुन्या माणसांच्या नावापुढे ‘जि. बीदर’ लिहिलं, त्यामुळे हे घराणं कर्नाटकातून आलं असं वाटतं, ही पहिली तक्रार. शासनाने बदललेलं ‘उस्मानाबाद’ मी अजून वापरतो, ही दुसरी. आणि दाखल्यांसाठी आधीच हेलपाटे घालणाऱ्या लोकांचा गोंधळ मी आणखी वाढवतो, ही तिसरी. तुम्ही स्वतः उदगीरचे, आयुष्यभर भूगोल शिकवलेले. म्हणून जरा लांबलं तरी नीट उत्तर देतो.

आधी माझी चूक. धाकट्या आत्याच्या लग्नापुढे मी ‘१९५८, जि. बीदर’ लिहिलं होतं. ते साफ चुकलं. तुमची प्रतिक्रिया वाचून मी दोन्ही आत्यांच्या लग्नातल्या तांब्याच्या घागरी पुन्हा काढल्या, चिंचेने घासल्या आणि उजेडात धरून वाचल्या. थोरलीच्या घागरीच्या गळ्याखाली आजोबांचं नाव, मग ‘ता. उदगीर जि. बीदर सन १९५५’. धाकटीच्या घागरीवर तेच नाव, तेच गाव, तोच तालुका, पण ‘जि. उस्मानाबाद सन १९५८’. दोघींचा मांडव एकाच अंगणात पडला होता. मधल्या काळात, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यपुनर्रचना झाली. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून निघून उस्मानाबादला जोडले गेले आणि मुंबई राज्यात आले. भांड्यांवर नावं घालणाऱ्या कारागिराने ते टिपलं होतं. मी मात्र थोरलीचा मजकूर धाकटीच्या रकान्यात उतरवून मोकळा झालो. आता दुरुस्त केलं आहे.

पण थोरल्या आत्याच्या, आजोबांच्या आणि पणजोबांच्या नावापुढचं ‘बीदर’ मी काढणार नाही. १९५५ मध्ये लातूर जिल्हा नव्हता, तो १९८२ मध्ये झाला. देवणी तालुकाही नव्हता, तो १९९९ मधला. आमचं घर जागचं हललेलं नाही. पणजोबा हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्याचे, वडील शाळेत होते तेव्हा जिल्हा उस्मानाबाद, मी नोकरीला लागलो तेव्हा लातूर, आणि आता तालुकाही वेगळा. चार पत्ते आणि एकच उंबरा. ‘बीदर’ वाचून कुणाला कर्नाटक आठवत असेल, तर त्या काळी बीदर कर्नाटकात नव्हतंच. ते १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं, आणि त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं १९७३ मध्ये. पणजोबांच्या पिढीला ही दोन्ही नावं परकी होती.

मी यावर एवढा अडून बसतो, कारण कागद त्या त्या काळच्या हद्दीप्रमाणे लिहिला जातो आणि बहुधा तसाच बांधून ठेवला जातो. पणजोबांच्या जमिनीची नोंद मी जवळजवळ दोन वर्षं लातूर जिल्ह्यात शोधली. एका कार्यालयात तर ‘असं गावच आमच्या जुन्या यादीत नाही’ असं सांगून मला परत पाठवलं. ज्याने सांगितलं त्याचं खोटं नव्हतं. मी चुकीच्या जिल्ह्याच्या यादीत शोधत होतो. नोंद सापडली ती बीदरच्या एका उर्दू रजिस्टरात, पट्टेदार म्हणजे जमिनीचा नोंदलेला धारक म्हणून, फसली (निजामाच्या महसुली) साल १३३९ ची. त्याआधी माझ्या चुलतभावाने घरातल्या एका चिठ्ठीवरचं ‘१३३९’ हिजरी समजून १९२०-२१ धरलं होतं. निजामाच्या फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन मिळतं, म्हणजे ते १९२९-३० होतं. एका आकड्याच्या गैरसमजाने आम्ही पणजोबांना नऊ वर्षं आधीच पट्टेदार करून ठेवलं होतं.

नावांचं तर त्याहून अवघड आहे. उर्दूत ळ नाही, तिथे ल लिहितात, आणि ऱ्हस्व उकार बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. हाळी-हंडरगुळीचा बाजार तुम्हाला मी काय सांगावा? पण ‘हंडरगुळी’ त्या लिपीत उतरली की अनोळखी माणूस ती ‘हंडरगली’ वाचतो आणि यादीत पुढे सरकतो. अंबाजोगाईचं कुणी शोधत असेल तर त्याने ‘मोमिनाबाद’ पाहायला हवं. बुद्रुक-खुर्द आपण बोलताना गाळतो, पण कागदावर ती दोन वेगळी गावं असतात. कोल्हापूरकडे कळंबे तर्फ ठाणे आणि कळंबे तर्फ कळे अशी दोन कळंबे एकाच करवीर तालुक्यात आहेत. तिथे ‘तर्फ’ गाळला तर माणूस दुसऱ्याच्याच घराण्यात शिरेल.

आणि जहागिरी. आपल्या भागात हे फार कमी लोक लक्षात घेतात. एक गाव दिवाणीचं म्हणजे सरकारी, शेजारचं पायगाहचं म्हणजे निजामाच्या बड्या सरदार घराण्याचं, पलीकडचं एखाद्या जहागीरदाराचं, असं होतं. जहागिरी गावाचा हिशेब जहागीरदाराच्या कचेरीत राहायचा. जहागिऱ्या १९४९ मध्ये संपल्या. त्यामुळे एका भावकीची नोंद मिळते आणि शिवेपलीकडच्या भावकीची मिळत नाही, आणि लोक म्हणतात की ‘आपले कागद कुणीतरी गायब केले’. काही वेळा खरंच कागद गेलेले असतात. पण आधी गाव कुणाच्या अमलाखाली होतं ते पाहायला हवं.

तुमच्या दुसऱ्या तक्रारीबद्दल. धाराशिव हेच जुनं नाव, आणि ते २०२३ मध्ये परत आलं याचा मलाही आनंद आहे. आजच्या पत्त्यात मी धाराशिवच लिहितो. पण वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘उस्मानाबाद’ छापलेलं आहे. त्यावर मी ‘धाराशिव’ लिहिलं तर तो दाखला माझा होईल, वडिलांचा राहणार नाही. त्याच्याही मागे गेलात तर हाच जिल्हा ‘नळदुर्ग’ नावाने सापडतो. शोधणाऱ्याला तिन्ही नावं माहीत हवीत.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त लागली, कारण ती खरी आहे. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या कागदावर बीदर दिसलं की टेबलापलीकडचा माणूस ‘तुम्ही बाहेरचे’ म्हणतो, आणि खेड्यातून एसटीने आलेली बाई गप्प बसून परत जाते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला सुरुवात केली, तेव्हा तर अख्खा मराठवाडा या जुन्या दप्तरांपाशी येऊन थांबला. मी हेलपाटे वाढवतो असं तुम्हाला वाटतं. पण त्या बाईच्या हातात ‘१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात होता’ एवढं एक वाक्य असतं, तर तिला उत्तर देता आलं असतं. बीदर पुसून लातूर लिहिलं, तर तिचा मूळ कागद आणि तिचा अर्ज एकमेकांशी जुळणारच नाहीत.

तरीही तुमच्या सूचनेवरून एक बदल करतो आहे. यापुढे प्रत्येक नोंदीत आधी त्या दिवशीचं ठिकाण आणि लगेच पुढे ‘आज : ता. देवणी, जि. लातूर’ असं लिहीन. त्याने वाचणाऱ्याचा गैरसमज होणार नाही आणि शोधणाऱ्याची वाटही बुजणार नाही. सरकारी अर्जात मात्र आजचंच नाव लिहावं आणि जुन्या नावाचा खुलासा जोडावा, हेही लेखात घातलं आहे.

एक विनंती आहे सर. तुमच्या घरी शेताचं १९५४-५५ चं खासरा पाहणीपत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदीचा जुना उतारा, असेलच, आपल्याकडे बहुतेकांच्या ट्रंकेत ते असतं. त्याच्या डोक्यावर जिल्ह्याच्या जागी काय लिहिलं आहे ते पाहून मला कळवाल का? आणि गाव तेव्हा दिवाणीत होतं की जहागिरीत, हे घरातल्या कुणा म्हाताऱ्या माणसाला आठवत असेल तर तेही विचारा. उदगीरच्या आसपासच्या गावांची तशी यादी मी करतो आहे, आणि तुमच्या बाजूची सात-आठ गावं अजून कोरी आहेत.