गाठीत सैनिक कमी नसतात

"प्रतिकारशक्ती घटली म्हणूनच किडनीचा कॅन्सर पसरतो. रोज गुळवेलीचा काढा घ्या, सैनिक पेशी वाढतील आणि गाठ जागच्या जागी थांबेल. इम्युनोथेरपी म्हणजे हेच, फक्त महाग." घरोघरच्या ग्रुपवर फिरणारा हा मजकूर एखाद्या रुग्णाने मनावर घेतला तर त्याचं नुकसान होऊ शकतं, म्हणून हे उत्तर.

आधी पसरण्याचं. अवयव प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांना हा कर्करोग होण्याचा धोका जास्त असतो, हे खरं. पण तो पसरतो कसा, ही गोष्ट वेगळी आहे. मूत्रपिंडाच्या कर्करोगात चारांपैकी सुमारे तिघांना 'क्लिअर सेल' प्रकार असतो आणि त्या गाठीत टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशींची, अनेकदा गर्दीच असते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात अशी गर्दी सहसा शुभ लक्षण मानतात. इथे मात्र अनेक अभ्यासांत उलट आढळलं: मारेकरी टी-पेशी जास्त, तरी रुग्णाची पुढची वाट बिकट. कारण या पेशी गाठीत पोहोचतात, पण तिथे थकून जातात. त्यांच्या अंगावर पीडी-१ या प्रथिनासारखे, त्यांचं काम थांबवणारे ब्रेक लागतात. शेजारचे मॅक्रोफेज, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या प्रतिकारक पेशी, गाठीलाच सामील होतात. मुळात या प्रकारात बहुधा व्हीएचएल जनुक निकामी झालेलं असतं. त्यामुळे ऑक्सिजन असतानाही पेशी तो नसल्यासारखी वागते आणि व्हीईजीएफ नावाचं प्रथिन भरमसाट सोडते. त्यातून नव्या रक्तवाहिन्या फुटतात, कर्करोगाच्या पेशींना फुफ्फुसांकडे, हाडांकडे जायला वाट मिळते. हेच प्रथिन टी-पेशींना शत्रू ओळखायला शिकवणाऱ्या पेशींची वाढही रोखतं. अशा ठिकाणी आणखी सैनिक धाडून काय होणार?

तसा प्रयत्न झालाही आहे, आणि काढ्यापेक्षा कितीतरी जोरकस. टी-पेशी वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-२ या औषधाला अमेरिकेत १९९२मध्ये या आजारासाठी मान्यता मिळाली. मोठ्या डोसने शंभरात जेमतेम सात-आठ जणांचा पसरलेला आजार पूर्ण नाहीसा झाला, आणि रक्तदाब कोसळण्याचा धोका होताच. आजची इम्युनोथेरपी मुख्यतः ब्रेक काढते. त्या ब्रेकच्या शोधासाठीच जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं. पीडी-१चा ब्रेक काढणाऱ्या निवोलुमॅब या औषधाला मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१५मध्ये मान्यता मिळाली. ते सगळ्यांना लागू पडत नाही, आणि ब्रेक सुटल्यावर आतडी, यकृत, थायरॉइड यांनाही सूज येऊ शकते. काढ्याशी त्याचं नातं नाही.

राहिली गुळवेल. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१मध्ये ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, तो वाद मी इथे सोडवत नाही. पण या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या पॅझोपॅनिबसारख्या गोळ्याही यकृतावर ताण आणतात. रक्ततपासणीत यकृताचे एन्झाइम वाढलेले दिसले, तर डॉक्टरांना दोष कशाचा ते कळत नाही आणि चालू असलेलं औषधच थांबवावं लागू शकतं. घरी कुणी काढा घेत असेल, तर पुढच्या भेटीत ऑन्कॉलॉजिस्टना (कर्करोगतज्ज्ञांना) न लपवता सांगा. ते रागावतील या भीतीने गप्प राहू नका.