कलम नऊवरून झालेला वाद

दादर पश्चिमेला छबिलदास शाळेच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंद दुकानाची पायरी आहे आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसहानंतर ती आमची असते. गेल्या महिन्यात त्या पायरीवर ओळीने तीन गुरुवार एकाच करारनाम्यावरून वाद झाला. करारनामा आमच्यातल्या सर्वांत धाकट्याचा होता. त्याची कोकणातल्या घरांची आणि माणसांची जलरंगातली चित्रे एका खाद्यपदार्थांच्या कंपनीला आवडली होती आणि तिने पापड-लोणच्यांच्या वेष्टनांसाठी चोवीस चित्रांचे ३ लाख रुपये देऊ केले होते. ही रक्कम म्हणजे त्याची आठ महिन्यांची कमाई. मात्र करारातल्या सातव्या कलमाप्रमाणे चित्रांचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर आणि कायमचे कंपनीकडे जाणार होते, आणि नवव्या कलमाप्रमाणे पुढची तीन वर्षे त्याने ‘याच शैलीतले’ काम दुसऱ्या कोणासाठीही करायचे नव्हते.

जाहिरातसंस्थेत पस्तीस वर्षे काढलेल्या नानांनी पहिल्याच संध्याकाळी निकाल देऊन टाकला. “सही कर आणि मोकळा हो,” ते म्हणाले. “दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठे केली, कॅलेंडरे केली, जाहिराती केल्या, आणि तेवढ्याने त्यांच्या हातातली रेषा काही कमी झाली नाही. गिऱ्हाइकासाठी काम करणे हा कमीपणा आहे, हे खूळ तुमच्या डोक्यात कोणी भरवले?”

नानांच्या या उदाहरणातच त्यांच्याविरुद्धचा मुद्दा दडलेला आहे, असे मला वाटले आणि मी तसे बोललो. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकरांनीही ‘रत्नप्रभा’ काढला. दोघेही बाजारासाठी भरपूर राबले, पण आपले असे एक पान त्यांनी राखले होते आणि त्या पानावर काय छापायचे हे ठरवायला त्यांना कोणाकडे जावे लागत नव्हते. धाकट्याकडे असे पान नाही, आणि कलम नऊ तर त्याचा हातच तीन वर्षांसाठी गहाण टाकायला सांगत होते.

यावर नानांनी दादासाहेब फाळक्यांना पुढे केले. स्वतःचे पान, स्वतःचा छापखाना, स्वतःची कंपनी या सगळ्याची किंमत फाळक्यांइतकी कोणी मोजली नसेल, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही. छपाईच्या धंद्यात भागीदारांशी पटले नाही म्हणून ते बाहेर पडले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून चित्रपटाकडे वळले. १९१३ साली त्यांचा पहिला मूकपट गिरगावात झळकला. आणि पुढे भांडवलासाठी पुन्हा भागीदार घेऊन १९१८ मध्ये कंपनी उभारल्यावर त्यांच्याशीही मतभेद होऊन ते काही काळ काशीला निघून गेले. “म्हणजे मालक होऊनही त्यांना हवे ते करता आले नाही,” नाना म्हणाले, “कारण ज्याचा पैसा, त्याचा शब्द. मग आठ महिन्यांची कमाई आयती चालून आली असताना हा पोर कशासाठी भांडतो आहे?”

माझा स्वतःचा तोडगा तिसराच होता आणि तो मी उगाच आग्रहाने मांडला. १९७४ पासून याच गल्लीतल्या शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली, तेव्हा त्यांत काम करणाऱ्यांपैकी कितीतरी जण दिवसा बँकेत किंवा सरकारी कचेरीत असत. त्यांच्या मागून आलेल्या माझ्यासारख्यांनीही तोच रस्ता धरला. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते, आणि त्या नोकरीमुळे बनारसला काढलेल्या वर्षांतच त्यांच्या चित्रांना तांत्रिक प्रतीकांचे वळण मिळाले. पोटाची सोय वेगळी केली की चित्र कोणाचे मिंधे राहत नाही, असे माझे म्हणणे. धाकट्याने शांतपणे विचारले, “काका, पंचवीस वर्षांत तुम्ही किती नाटकांची प्रकाशयोजना केलीत?” मी अकरा म्हणालो. “आणि किती नाकारलीत?” तो आकडा मी कधी मोजला नव्हता. नोकरीने मला मोकळीक दिली हे खरे आहे, पण ती संध्याकाळी सातनंतरची, दमलेल्या माणसाची मोकळीक होती.

दुसऱ्या गुरुवारी धाकट्याने एकदम टोक गाठले. यापुढे कोणाशीच करार करायचा नाही, तोंडी बोलणे आणि विश्वास यांवर काम करायचे, असे त्याने जाहीर केले. तोवर चहा पीत ऐकत बसलेल्या आमच्या वकीलबाईंनी पेला खाली ठेवला आणि वादाची दिशाच बदलली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या सतराव्या कलमाप्रमाणे, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र काढले आणि उलट काही ठरलेले नसले, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक ते काढवून घेणारा ठरतो. “म्हणजे तू विश्वासावर काम केलेस,” त्या म्हणाल्या, “तर कलम सातमध्ये ते जे मागत आहेत ते तू न मागताच देऊन बसशील.” याउलट हक्क लेखी दिले आणि मुदत लिहिली नाही, तर एकोणिसावे कलम ती पाच वर्षे धरते, प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरते धरते. म्हणून तर कंपनीच्या वकिलाने ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द न विसरता घातले होते.

सत्तावन्नावे कलम मात्र हक्क विकल्यावरही कलावंताकडे काही ठेवते: आपले नाव सांगण्याचा अधिकार, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी कामाची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार. दिल्लीच्या विज्ञान भवनातले आपले भव्य ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उतरवून गोदामात टाकले गेले, म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल याच आधारावर लढले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने ते त्यांना परत करण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. “जिंकले ना?” नाना म्हणाले. वकीलबाईंनी नुसती दोन सालांमधली वजाबाकी करून दाखवली. कलम नऊबद्दलही त्यांचे असेच म्हणणे होते. व्यवसायावर बंधन घालणारा करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सहसा टिकत नाही, पण तो टिकत नाही हे न्यायालयातून वदवून घेईपर्यंत तीन वर्षे तशीच सरून जातील.

त्या रात्री धाकट्याने कंपनीला स्वतः पत्र लिहिले. कलम नऊ काढून टाकावे, हक्क फक्त वेष्टनांसाठी, भारतापुरते आणि पाच वर्षांसाठी असावेत, मूळ चित्रे आपल्याकडे राहावीत आणि त्या बदल्यात आपण २ लाख घेऊ, असे त्याने कळवले. लाखभर रुपये आपणहून सोडल्याबद्दल नाना त्याच्यावर मनापासून चिडले. तिसऱ्या गुरुवारी उत्तर आले: कलम नऊ रद्द, मूळ चित्रे त्याची, मुदत सात वर्षे, रक्कम सव्वादोन लाख. त्याने पायरीवरच फोनवर होकार कळवला. भाव आधी पाडायला नको होता, हे नानांचे पालुपद अजून चालू आहे, आणि सात वर्षांनी कंपनी चित्रे पुन्हा मागायला आली तर काय आकडा सांगायचा, यावर वकीलबाईंचे आणि त्यांचे आतापासूनच वाजले आहे.