गळ्यावरचे छिद्र बुजवायचे नसते

‘घशाचा कॅन्सर उलटला तरी स्वरयंत्र काढू देऊ नका’ असे बजावणारा एक संदेश सध्या फिरतो आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेल्या माझ्या मामांनी तो वाचून ‘नकार देऊ का?’ असे विचारले, म्हणून हे उत्तर.

त्यातील सर्वांत घातक सल्ला असा, की ऑपरेशन झालेच असेल तर गळ्यावरचे भोक रात्री बंद करून झोपावे, म्हणजे नाकाने श्वास घेण्याची सवय परत लागते. हे लिहिणाऱ्याला आपण काय सांगतो आहोत याची कल्पना तरी आहे का? संपूर्ण स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचे वरचे तोंड गळ्याच्या त्वचेला शिवतात आणि घसा फक्त अन्ननलिकेला जोडलेला राहतो; नाकातून फुप्फुसांकडे जाणारी वाटच उरत नाही. ते छिद्र बुजले तर माणूस गुदमरून मरेल. आणीबाणीत ऑक्सिजनसुद्धा छिद्रावरच द्यावा लागतो. त्यावर सैल आच्छादन किंवा फिल्टर असतो, तो धूळ अडवण्यासाठी आणि आत जाणारी हवा ओलसर राहावी म्हणून. स्वरयंत्र शाबूत असलेल्या ट्रॅकिओस्टॉमीच्या (श्वासासाठी गळ्यात छिद्र करून नळी बसवलेल्या) रुग्णाची नळी हळूहळू बंद करून पाहतात हे खरे, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आणि ती अवस्थाच वेगळी.

‘माणूस कायमचा मुका होतो’ हेही खोटे. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत एकमार्गी झडप बसवता येते. श्वास सोडताना अंगठ्याने छिद्र क्षणभर दाबले, की हवा झडपेतून घशात जाते आणि आवाज उमटतो. तो मूळचा आवाज नसतो, पण शब्द कळतात.

‘मांडीचे मांस गळ्यात कुजते’ यात अर्धे तथ्य आहे, ते मान्य करावे लागेल. गळ्याला लावलेला फ्लॅप, म्हणजे शरीराच्या दुसऱ्या भागातून घेतलेला ऊतीचा तुकडा, क्वचित निकामी होतो, म्हणूनच सुरुवातीला त्याचा रंग आणि रक्तप्रवाह वारंवार तपासतात. पण तो लावतात कशासाठी? कॅन्सरवर आधी घेतलेल्या रेडिएशनमुळे जखम नीट भरत नाही, टाके सुटून लाळ बाहेर झिरपू शकते. हा धोका कमी व्हावा म्हणून ताजा रक्तपुरवठा असलेली ऊती आणली जाते. अमेरिकेतील आरटीओजी 91-11 या चाचणीत स्वरयंत्र काढावे लागलेल्या 129 रुग्णांचा अहवाल 2003 साली प्रसिद्ध झाला, त्यात अशा गळतीचे प्रमाण आधीच्या उपचारांच्या गटागणिक 15 ते 30 टक्के होते.

‘चाकू लागला की कॅन्सर पसरतो’ म्हणणाऱ्यांनी त्याच अहवालातला पुढचा आकडाही वाचावा : शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी 69 ते 76 टक्के रुग्ण हयात होते. उरला ‘आधी काही महिने काढा घेऊन पाहा’ हा सल्ला. तेवढ्या काळात गाठ वाढून श्वासमार्ग बंद करू शकते, आणि आज काढता येण्याजोगी असलेली गाठ तेव्हा तशी राहीलच असे नाही.