एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस नव्हे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: ‘गालावर लाल चट्टे आणि रक्तात एएनए पॉझिटिव्ह, म्हणजे ल्युपस पक्का, लगेच स्टेरॉइड सुरू करा.’ हे साफ चुकीचं आहे, आणि घातकही. ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार; एएनए म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं, ती रक्ततपासणीत दिसतात.

१:४० या पातळीला, म्हणजे रक्तातला द्रव चाळीस पट पातळ करून तपासल्यावर, धडधाकट माणसांपैकीही साधारण चौथ्या हिश्शाची एएनए पॉझिटिव्ह येते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत किमान १:८० ही नुसती पहिली पायरी आहे. पुढे सांधे, मूत्रपिंड, त्वचा, रक्तपेशी वगैरेंचे मिळून १० गुण भरावे लागतात, आणि त्यात किमान एक तरी प्रत्यक्ष लक्षण हवंच.

चट्टेही नीट पाहावे लागतात. ल्युपसची लाली गालांवरून नाकावर पसरते, पण नाकपुडीपासून ओठाच्या कडेला येणारी घळ बहुधा मोकळी राहते. मेडिकलमधून आणलेलं स्टेरॉइडचं मलम महिनोन्महिने चोपडल्यानेही चेहरा लालबुंद होतो, आणि हे आपल्याकडे फार दिसतं.

मनाने गोळ्या घेतल्या तर खरा आजार झाकला जातो. मात्र चट्ट्यांसोबत सांधे सुजत असतील, वारंवार तोंड येत असेल किंवा लघवीला फेस येत असेल तर थांबू नका. संधिवाततज्ज्ञांना दाखवा, लघवीतली प्रथिनं तपासून घ्या. ल्युपसमध्ये मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला काहीच दुखत नाही.